फोनवर बरा असलेला पाय

अलेक्झांड्रिया, बाकोस,
गुरुवार दुपार, असरच्या नमाजानंतर

थोरले बंधू हाजी मुतवल्ली यांना धाकट्या फिक्रीचा सलाम. तुमच्या उजव्या हाताचं आणि कपाळाचं चुंबन घेतो, तफीदावहिनींना आदरानं दुरूनच सलाम करतो, आणि मुलं, सुना, नातवंडं, गच्चीवरची कबुतरं आणि ती एका डोळ्याची म्हैस, सगळी सुखरूप असोत अशी दुआ करतो. यानंतर तुमची तब्येत कशी आहे असं विचारायची रीत आहे, पण या खेपेला मी मुद्दाम विचारत नाही. विचारलं की तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे आणि अवघ्या रशीद गावाला ठाऊक आहे. माझी विचाराल तर येत्या रविवारी सकाळी माझा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापणार आहेत. बाकी सगळं ठीक. तुमची भावजय इन्साफ हिचे गुडघे दुखतात, पण सध्या या घरात कुणाला गुडघ्यांची तक्रार करायची सोय राहिलेली नाही, त्यामुळे ती बिचारी गप्प असते.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. परवा आपण फोनवर काय बोललो ते आठवा. मी फोन केला होता तो हीच बातमी सांगायला. पहिली नऊ मिनिटं आपण एकमेकांच्या घरातल्या एकेका माणसाची खुशाली विचारली आणि दर वेळी 'अलहम्दुलिल्लाह', देवाची कृपा, म्हणून पुढच्या माणसाकडे सरकलो (तुमच्या सासूबाईंचीही मी चौकशी केली, तुम्ही त्यांनाही 'अलहम्दुलिल्लाह' म्हणालात, त्यांना जाऊन चार वर्षं झाली हे दोघांच्याही लक्षात आलं नाही). मग पेरूचं पीक, मग कालव्याचं पाणी, आणि मी 'भाऊ, माझा पाय' एवढं म्हणतो तोच तुमच्या दारावर कुणीतरी आलं आणि तुम्ही मला देवाच्या हवाली करून फोन ठेवलात. कागद असा मध्येच ठेवता येत नाही, निदान तुम्हाला तरी येत नाही, कारण तुम्ही खत कंपनीचं पत्रकसुद्धा तळापर्यंत वाचता. म्हणून ज्या हातानं आयुष्यभर खोक्यांवर बुटांचे नंबर लिहिले त्या हातानं हे लिहितोय. अक्षर वाकडं दिसलं तर चष्म्याला दोष देऊ नका.

तुम्हाला माझी निम्मीच हकीकत माहीत आहे, आणि ती निम्मी इन्साफनं वहिनींना सांगितलेली आहे, म्हणजे तिच्यात मी मूर्ख आहे. पूर्ण हकीकतीतही मी मूर्खच आहे, पण जरा तपशिलानं. अडतीस वर्षं मन्शिया भागातल्या बुटांच्या दुकानात मी लोकांच्या पायांशी बसलो. बसलो म्हणजे खरोखरच बसलो, त्या उतरत्या फळीच्या ठेंगण्या स्टुलावर, गिऱ्हाइकाचं पाऊल मांडीवर घेऊन. मला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, पावलं आठवतात. पाऊल हातात आलं की मी सांगायचो, बाई, तुम्हाला उजव्या पायाला अर्धा नंबर मोठा लागेल. साहेब, तुमची टाच बाहेरून झिजते. आणि तुम्ही हो, तुम्ही आधी डॉक्टरकडे जा, बूट मग घ्या, हे पाऊल जरुरीपेक्षा गार आहे. अशा तिघांना मी वेळेवर दवाखान्यात धाडलं (त्यातला एक चांगला बरा झाला आणि बूट समोरच्या दुकानातून घेऊन गेला, पण तो विषय वेगळा). ही बढाई नव्हे. एवढं ज्याला कळत होतं त्यानं स्वतःचा पाय कसा घालवला हे तुमच्या ध्यानात यावं म्हणून सांगतोय.

आठ वर्षांपूर्वी माझ्या डाव्या पायाची मोठी रक्तवाहिनी सिगारेटींनी बुजवली. (ओढत मीच होतो, पण डॉक्टर अशा सुरात बोलतात की जणू सिगारेटी आपणहून पायात शिरल्या.) डॉक्टर वगीहनी जांघेपासून गुडघ्याखालपर्यंत एक नळी बसवून रक्ताला वळसा घालून नवी वाट काढून दिली. दहा महिने मी समुद्रकाठानं ऐटीत हिंडलो. मग एका सकाळी नमाजाआधी वजू करताना, पाय धुताना, पाऊल पांढरं पडलेलं दिसलं, आणि गार. इन्साफनं मला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेऊन टाकलं. नळीत रक्ताची गुठळी झाली होती. पुन्हा चिरफाड न करता डॉक्टरांनी जांघेतून एक बारीक तारेएवढी नळी आत सरकवली आणि तिच्यातून गुठळी विरघळवणारं औषध थेंबथेंब सोडलं, चांगलं दीड दिवस. त्या दीड दिवसात कुशीवर वळायचं नाही, पाय वाकवायचा नाही, खोकायचं तेही विचारून. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. नर्स सारखी येऊन माझं नाव विचारायची, कारण या औषधानं डोक्यात रक्तस्राव झाला तर माणूस बरळायला लागतो म्हणे, आणि शेजारच्या खाटेवरचा इसम दर वेळी माझ्याआधी माझं नाव सांगून मोकळा व्हायचा. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊल कोमट झालं. नर्सनं घोट्यावर बोट ठेवून 'आहे, ठोका आहे' म्हटलं आणि मी मोठ्यानं रडलो. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी तेव्हाच दोन गोष्टी कानात भरल्या होत्या. एक म्हणजे नळी आज उघडली म्हणून कायमची उघडी राहील असं नाही, ती पुन्हा मिटू शकते. दुसरी म्हणजे मिटलीच तर धावत या, कारण हे औषध ताज्या गुठळीवर चालतं. दोन आठवडे उलटले की गुठळी जुनी आणि घट्ट होत जाते, मग तिच्यावर औषध सोडा नाहीतर चहा सोडा, फारसा फरक पडत नाही. मी मान डोलावली. दीड वर्षानं माझ्याच आग्रहानं तुम्ही त्याच डॉक्टरांकडून तुमच्या उजव्या पायात तशीच नळी घालून घेतलीत, ती मिटल्यावर तेच औषध घेतलंत, तेच भाषण ऐकलंत आणि तुम्हीही मान डोलावलीत. मी शेजारीच उभा होतो.

आता डॉक्टर वगीह हा मनुष्य सज्जन आणि महत्त्वाकांक्षी, दोन्ही एकदम, आणि असं असलं की फजिती ठरलेलीच. औषधानं उघडलेल्या या नळ्या पुढे किती वर्षं उघड्या राहतात हे त्यांना जगाला सांगायचं होतं. त्यांनी आम्हा एक्केचाळीस जणांची यादी केली (तुमचा नंबर एकोणतिसावा, माझा सातवा). दर सहा महिन्यांनी प्रत्येकानं येऊन पाय दाखवायचा असं ठरलं. पण पेशंट कुणी दमनहूरचा, कुणी कफ्र अल-दव्वारचा, कुणी तुमच्यासारखा पेरूच्या बागेतला. पाय दुखत नसताना तो दाखवायला दिवस मोडून कोण येणार? आणि दुखत असला तर भीतीनं कोण येणार? म्हणून मग ते काम सिस्टर सोहेरवर आलं. ती फोन करून विचारणार, पाय कसा आहे, आणि वहीत लिहिणार. सोहेरचा आवाज तुम्ही ऐकलाय. त्या आवाजात कुणी 'कसे आहात काका' असं विचारलं तर फासावर चढलेला माणूससुद्धा आधी तिच्या आईची विचारपूस करील.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पाच वर्षं सोहेरनं एक्केचाळीस घरी फोन केले आणि एक्केचाळीस घरांनी तिला आपल्याकडची रीत धरून उत्तर दिलं. दुखणं असलं तरी आधी आभार, नसलं तरी आभार. दुःख सांगायचंच झालं तर तिसऱ्या चहानंतर, आणि फोनवर चहा मिळत नाही. पाच जणांचं वाईट झालं ते डॉक्टरांच्याच दवाखान्यात झालं म्हणून लपलं नाही. उरलेल्या छत्तीसांपुढे सोहेरनं 'उत्तम' असं लिहिलं. डॉक्टर ते कागद घेऊन कैरोला परिषदेला गेले. नवा सूट शिवला होता (बूट माझ्या जुन्या दुकानातून घेतले, तपकिरी, त्रेचाळीस नंबर, चावणारे, मी म्हटलं होतं घेऊ नका). तिथं त्यांनी भिंतीवर आकडे दाखवले की पाच वर्षांनंतर एक्केचाळीसांपैकी छत्तीस जणांच्या नळ्या उघड्या. टाळ्या झाल्या. मग अस्यूतचे एक म्हातारे प्रोफेसर काठी टेकत उठले.

हे सगळं नंतर सोहेरनंच मला रडत रडत सांगितलं. प्रोफेसर म्हणाले, 'बाळा, जगात सगळीकडे या नळ्या औषधानं उघडतात आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या वर्षा-दीड वर्षात पुन्हा मिटतात. तुझ्या पाच वर्षं मिटत नाहीत. तू औषधात काय घालतोस, मक्केचं जमजमचं पाणी?' लोक हसले. मग त्यांनी विचारलं की हे पाय तू शेवटचे डोळ्यांनी कधी पाहिलेस. डॉक्टर म्हणाले, आम्ही फोनवर विचारतो. यावर सबंध सभागृह इतकं हसलं म्हणे की माईक बंद करावा लागला. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरी एक आई होती आणि तिला फोनवर 'कशी आहेस' विचारल्यावर काय ऐकू येतं ते प्रत्येकाला माहीत होतं. एकट्या आमच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं, कारण त्यांची आई त्यांच्या घरीच राहते.

आता माझ्या पायाकडे येतो. (येतोय हळूहळू. आजकाल मी सगळीकडे असाच पोचतो.) दहा आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी, बाजारात उभ्या उभ्या पोटरीत पेटका आला आणि तासाभरात पाऊल बधीर झालं. मला कळलं. भाऊ, मला त्याच क्षणी कळलं, ज्यानं आयुष्यभर हेच पाहिलं त्याला कळणार नाही तर कुणाला? पण मी मनाला समजावलं की पायात मुंग्या आल्यात, बूट घट्ट आहेत, म्हातारपण आहे, उद्या बघू. पुन्हा ती खाट, ते औषध, पुन्हा ते हिरड्यांतलं रक्त, या सगळ्याची मला दहशत बसली होती. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. पाच वर्षं सोहेर मला म्हणायची, 'फिक्रीकाका, तुम्ही आमचे हिरो.' बुटाच्या दुकानात माणसाला कुणी हिरो म्हणत नाही. चौथ्या दिवशी, म्हणजे शुक्रवार उलटून शनिवारी सकाळी, तिचा फोन आला. पाऊल माझ्यासमोर स्टुलावर ठेवलेलं होतं, चांगलं निळसर. तिनं विचारलं, पाय कसा आहे काका? मी त्याच्याकडे बघत बघत म्हणालो, 'अलहम्दुलिल्लाह बेटी, जुईसारखा.' मग तिच्या आईची चौकशी केली. आई आजारी होती, पण सोहेरही 'अलहम्दुलिल्लाह' म्हणाली. आम्ही दोघांनी अगदी आनंदानं फोन ठेवला.

त्या दिवशी दहा दिवस हातात होते. ते मी दुकानांच्या काचा बघण्यात घालवले. पन्नास पावलं चाललं की पोटरी आवळायची, मग थांबायचं, आणि उगाच थांबलो असं दिसू नये म्हणून काचेत काहीतरी बघायचं. त्या दिवसांत मी बाकोसमधली सगळी दुकानं पाहून घेतली. बायकांच्या कपड्यांच्या दुकानासमोर इतका वेळ उभा राहिलो की त्या दुकानदारानं इन्साफकडे तक्रार केली. तिनं घरी आल्यावर मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण पायापेक्षा तो संशय बरा, असं वाटून मी तो कबूलसुद्धा करून टाकला. झोपताना मोजा काढत नव्हतो. थंडी वाजते म्हणालो तर तिनं माया करून पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. सकाळी टाचेला बशीएवढा फोड होता आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तो फोड मग बरा झालाच नाही, काळा पडत गेला. इन्साफ आता रोज स्वतःच्या हातांकडे बघत बसते. मी तिला सांगतो की पिशवीनं नाही, माझ्या जिभेनं पाय गेला, पण तिला ते पटत नाही.

कैरोहून परतल्यावर डॉक्टरांनी फर्मान काढलं की सगळ्यांनी प्रत्यक्ष यायचं, पाय घेऊन यायचं, येण्याजाण्याची सोय दवाखाना करील. लोकांनी यावं म्हणून चहा आणि बसबूसा, म्हणजे पाकातली रव्याची वडी, ठेवला (निम्मे पेशंट मधुमेहाचे; बसबूसा पहिल्या पंधरा मिनिटांत संपला). मी नव्या मोज्यात काळा पाय घालून, टॅक्सी करून, हसत हसत गेलो. अजूनही मनात हेच होतं की मोजा काढायची वेळच येणार नाही. तिथं मन्शियाचा न्हावी लबीब भेटला, कुबडीवर. उजवा पाय दोन वर्षांपूर्वीच दमनहूरच्या दवाखान्यात गेलेला, आणि वहीत त्याच्यापुढे चार वेळा 'उत्तम'. डॉक्टरांचे डोळेच पांढरे झाले. ते म्हणाले, लबीब, तू सांगितलं का नाहीस? लबीब म्हणाला, 'डॉक्टर, पोरीनं सकाळी सकाळी एवढ्या गोड आवाजात विचारलं. तिचा दिवस कशाला खराब करायचा? मी म्हटलं देवाची कृपा आहे. आहेच की, दुसरा पाय आहे.' तो चर्चला जातो, आपण मशिदीत, पण या एका बाबतीत देशात काडीचा मतभेद नाही.

मग उम्म वाइल नावाची एक बाई उठली, काळ्या कपड्यांत, नवऱ्याचं कार्ड हातात घेऊन. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. वहीत तोही उत्तम. सोहेरनं विचारलं, मावशी, मी तुमच्याशी दर सहा महिन्यांनी बोलत होते, तुम्ही एकदाही कसं बोलला नाहीत? ती म्हणाली, 'तू पायाचं विचारायचीस गं. पाय शेवटपर्यंत चांगलाच होता. माणसाचं तू कधी विचारलंच नाहीस.' आणि मग खालच्या आवाजात म्हणाली की त्यांच्या नावानं कुणीतरी अजून फोन करतंय, हे मला बरं वाटायचं, सांगितलं असतं तर तू करायची थांबली असतीस. सोहेर बाकावर बसून हुंदके द्यायला लागली. पाच वर्षं ज्या पोरीनं आमची खुशाली विचारली तिच्या पाठीवरून हात फिरवायला लंगडे, पांगळे, विधवा, सगळे गोळा झालो, आणि प्रत्येक जण तिला म्हणत होता की काही नाही बेटी, सगळं ठीक आहे.

माझी पाळी आली. डॉक्टर स्वतः माझ्यासमोर खाली बसले, मी गिऱ्हाइकासमोर बसायचो तसे, आणि माझं पाऊल मांडीवर घेऊन मोजा काढला. त्यांच्याकडे ते छोटं यंत्र असतं, जेल लावून पायावर टेकवलं की आतल्या रक्ताचा सू सू आवाज ऐकवणारं. आधीच्या दहा जणांच्या पायांतून तो आवाज सबंध खोलीनं ऐकला होता. माझ्या पायावर त्यांनी ते यंत्र घोट्याला लावलं, पावलावर लावलं, गुडघ्यामागं लावलं, आवाज पुरता मोठा केला. नुसती खरखर. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी मंगळवार सांगितला. त्यांनी वही मागवली, बोटानं तारखा पाहिल्या आणि माझ्या ओळीवर थांबले. 'काका, सोहेरनं चौथ्या दिवशी फोन केला होता.' मी म्हटलं, केला होता. 'मग तुम्ही काय म्हणालात?' मी मोजा मागितला. खोलीतल्या एकूण एक माणसाला माझं उत्तर माहीत होतं.

त्यांनी प्रयत्नच केला नाही, असा आळ मी घेणार नाही. दुसऱ्या दिवशी तार घालून पाहिली, ती शिरेना; गुठळीचा दगड झाला होता. दुसरी नळी घालायला खाली धड वाहिनी उरलेली नाही, आणि टाचेचं विष वर चढतंय. तेव्हा रविवार. काल संध्याकाळी डॉक्टर घरी आले होते, हातात खजुराचा डबा. म्हणाले, मी खरे आकडे छापायला पाठवतोय, तुमचा राग नाही ना? एक्केचाळीसांपैकी अकरा उघडे, तेरा जणांचे पाय गेले (तेरावा मी, त्यांनी रविवारची वाटसुद्धा पाहिली नाही), आठ माणसं गेली, आणि नऊ जण मिटलेल्या नळीवर कसेबसे ओढतायत. अकरांतले दहा त्या दिवशी तपासलेले. अकरावे तुम्ही. तुम्हालाही बोलावणं होतं. तुम्ही फोनवर सांगितलंत की नातवाचा साखरपुडा आहे आणि पाय अलहम्दुलिल्लाह, आणि सोहेरनं सवयीनं ते लिहूनही टाकलं. डॉक्टर म्हणाले की अकरा हा आकडा वाईट नाही काका, जगाच्या जवळपास आहे. मग त्यांना रडू आलं. मी त्यांना चहा पाजला आणि पाठवून दिलं. ते गेल्यावर मी कपाट उघडून माझे सगळे डावे बूट एका बाजूला काढले, आणि मग ते पुन्हा आत ठेवले. लबीबला उजवा पाय नाही आणि मला डावा नसेल. त्याचा पाय माझ्याच मापाचा, बेचाळीस. पण त्याला माझी आवड पसंत नाही.

असो. दुखतं फार, भाऊ. रागही फार येतो, आणि तो कुणावर काढावा कळत नाही. वहिनींना सलाम, मोठ्यांना आदर, लहानांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
फिक्री

ता. क. मुख्य काम राहिलंच. कापलेला अवयव आपण कफनात गुंडाळून पुरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या घराण्याच्या रशीदच्या कबरीच्या कोठडीची किल्ली तुमच्याकडे आहे. मागे तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात की जो ईदलाही कबरीवर फिरकत नाही त्या फिक्रीला तिथं जागा नाही. ते मी विसरलेलो नाही, पण माझं म्हणणं एवढंच की तो शब्द माझ्यापुरता धरावा, पायाला लावू नये. अब्बांच्या पायथ्याशी, पुरुषांच्या बाजूला, जोड्याच्या खोक्याएवढी जागा पुरे. (फरिश्ते सवाल करायला आले तर एकटा पाय काय सांगणार, असं मी इमामांना विचारलं. ते म्हणाले, काळजी करू नका, तुम्ही पोचल्यावर दोघांना एकदमच विचारतील.) किल्ली कधी द्याल ते कळवा.

ता. क. दुसरा. किल्ली नको. इन्साफच्या माहेरच्यांनी इथंच जागा दिली आहे, परवाच ठरलं. किल्लीचं लिहिलं ते अशासाठी की कबरीच्या वादाचा विषय निघाला की तुम्ही नीट चष्मा पुसून पुढचं वाचता.

काल तफीदावहिनींचा इन्साफला फोन आला होता. खुशाली झाली, सगळ्यांचं अलहम्दुलिल्लाह झालं, आणि फोन ठेवता ठेवता वहिनी सहज म्हणाल्या की हाजी गेले आठ दिवस उजवा पाय पलंगाखाली लोंबता सोडून झोपतात, उकडतं म्हणतात. आता 'तुम्ही' पुरे झालं, मुतवल्ली. उकडत असलं तर माणूस दोन्ही पाय बाहेर काढतो. पाय वर घेतला की ठणकतो आणि खाली सोडला की जरा बरं वाटतं, म्हणून तू तो सोडतोस. मी दहा आठवडे तसाच झोपलोय. तू मला पोहायला शिकवलंस, माझ्या लग्नात माझ्या वाटचं तू नाचलास, आणि मी तुला एवढंच सांगायला चार दिवस लावले तर मला माफी नाही. आठ दिवस गेलेत. अजून सहा आहेत. डॉक्टर वगीहना मी सकाळी सांगून ठेवलंय, खाट रिकामी आहे. आपल्या दोघांच्या चार पायांतले तीन तरी राहू देत रे.

हे पत्र आणलेला माझा जावई रिफअत तुझ्या दाराशी गाडी चालू ठेवून उभा आहे. त्याला मी बजावलंय, उत्तर आणू नकोस, माणूस आण.